साठेखतावर घर घेऊ नका: ह्यूस्टनमध्ये माझ्या सासऱ्यांचे ४५,२५० डॉलर कसे बुडाले

मी मूळचा नाशिकचा. सातबारा, फेरफार आणि तीस वर्षांचा शोध अहवाल पाहिल्याशिवाय माझ्या वडिलांनी कधी गुंठाभर जमीनही घेतली नाही. त्यांच्याच मुलाने, समोर बसून, आपल्या सासऱ्यांना फसू दिले, हे लिहिताना मला आजही शरम वाटते.

माझी पत्नी मेक्सिकन कुटुंबातली. सासरे ग्वानाह्वातोहून आले आणि पंचवीस वर्षे ह्यूस्टनमध्ये छपरे बसवण्याचे काम करत आहेत. ते कर नियमित भरतात, पण सोशल सिक्युरिटी क्रमांकावर नव्हे, तर आयटिनवर, म्हणजे तो क्रमांक न मिळणाऱ्यांना कर भरण्यासाठी दिल्या जाणाऱ्या क्रमांकावर. मजुरी बरीचशी रोख मिळते, त्यामुळे बहुतेक बँका कर्जासाठी त्यांना दारात उभे करत नाहीत. अशा माणसांसाठीच लॅटिनो वस्त्यांतल्या कुंपणांवर ‘दे दुएन्यो आ दुएन्यो’, म्हणजे मालकाकडून थेट मालकाला, असे फलक लागलेले असतात. विकणारा त्यांच्याच चर्चमधला, स्पॅनिश बोलणारा, त्यांना ‘पायसानो’, म्हणजे गाववाला, म्हणणारा होता.

किंमत ९२,००० डॉलर ठरली. १३ मार्च २०२१ रोजी १२,५०० डॉलर दिले आणि पुढे दरमहा ८५० डॉलर द्यायचे होते. कर, विमा आणि दुरुस्ती आमच्याकडे. खरेदीखत मात्र शेवटचा हप्ता फिटल्यावर. याला तिथे ‘कॉन्ट्रॅक्ट फॉर डीड’ म्हणतात. नाव बाजूला ठेवले तर हे आपले साठेखतच, आणि साठेखताने माणूस मालक होत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक होते.

सही करण्यापूर्वी सासऱ्यांनी ती अकरा पाने माझ्या हातात दिली, कारण सगळे इंग्रजीत होते. सारी बोलणी स्पॅनिशमध्ये झाली असतील तर विक्रेत्याने कागदही स्पॅनिशमध्ये दिले पाहिजेत, असे टेक्सासचा कायदा सांगतो. हे मला नंतर कळले. चौथ्या पानावर एक ओळ होती: मालमत्तेवर विक्रेत्याचे आधीचे कर्ज असू शकते. मी ती मोठ्याने वाचली आणि विचारलेही. ‘हे सगळ्यांच्याच करारात असते,’ असे म्हणून त्याने हसून पान उलटले. मी तिथेच उठायला हवे होते. काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, दप्तरात विक्रेत्याचे नाव शोधले असते, तर २०१७ चे गहाणखत दहा मिनिटांत सापडले असते. पण सासऱ्यांच्या हातात पेन होते, सासूबाई स्वयंपाकघराच्या खिडक्या मोजत होत्या, आणि ‘मिहो (बाळा), तू वाचलंस ना?’ या त्यांच्या प्रश्नाला मी ‘हो’ म्हणालो. त्या दिवशी आमची मुलगी तीन आठवड्यांची होती आणि मी रात्र रात्र झोपलो नव्हतो. ही सबब नाही, पण तेही खरेच आहे.

करारावरच्या नोटरीच्या शिक्क्याने तर सासरे निर्धास्तच झाले. मेक्सिकोत ‘नोतारिओ’ म्हणजे मालकी तपासून दस्त करणारा मोठा कायदेतज्ज्ञ. अमेरिकेतला नोटरी फक्त सही कोणी केली एवढेच पाहतो. तुमच्या घरच्यांना हा फरक आजच समजावून सांगा.

एकतीस हप्ते भरले, म्हणजे २६,३५० डॉलर. छपरावर ६,४०० डॉलरचे सामान लागले, मजुरी सासऱ्यांची स्वतःची. विक्रेत्याने यातला एकही डॉलर बँकेत भरला नव्हता. टेक्सासमध्ये कर्ज थकलेल्या घरांचा लिलाव महिन्याच्या पहिल्या मंगळवारी होतो. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी तो झाला, आणि १ तारखेला, रविवारी, चर्चनंतर त्याने ८५० डॉलर रोख मोजून घेतले होते. लिलावाची नोटीस कर्जदाराला जाते, म्हणजे त्यालाच गेली. आम्हाला कळले ते नव्या मालकाने दारावर घर रिकामे करण्याचा कागद चिकटवला तेव्हा.

पोलिसांनी हे दिवाणी प्रकरण आहे, असे सांगून अर्जच घेतला नाही. बोजा असलेले घर अशा करारावर विकण्यास, काही अपवाद वगळता, कायद्यानेच मनाई आहे, हे मी छापून नेले होते. समोरच्या अधिकाऱ्याने ते पान उलटे करून माझ्याकडे सरकवले. काउंटीच्या कचेरीत ‘आम्ही नोंद करतो, तपासत नाही’ असे उत्तर मिळाले. राज्याच्या ग्राहक तक्रार कक्षाने पाच महिन्यांनी पोच पाठवली आणि खासगी वकील गाठा, असा सल्ला दिला. वकिलाने सुरुवातीलाच ७,५०० डॉलर मागितले. एका कचेरीत तर सासऱ्यांना पहिला प्रश्न त्यांच्या अमेरिकेत राहण्याच्या कागदपत्रांविषयी विचारला गेला. त्यानंतर ते कुठेही यायला तयार होत नाहीत, आणि हे असे होणार, याचाच त्या विक्रेत्याला भरवसा होता.

टायटल कंपनीतून, म्हणजे मालकी आणि बोजा तपासणाऱ्या संस्थेतून, मालकी तपासून, तिथेच व्यवहार पूर्ण करण्यास जो नकार देतो, त्याला एक डॉलरही देऊ नका. करार झालाच असेल, तर तो मोडण्यासाठी चौदा दिवस असतात. ते वाया घालवू नका. आयटिनवर कर्ज देणाऱ्या संस्था आहेत, व्याज जास्त असले तरी त्यात खरेदीखत पहिल्याच दिवशी तुमच्या नावावर होते.

मागच्या महिन्यात त्याच रस्त्यावर, चार घरे पलीकडे, नवा फलक दिसला आणि त्यावर तोच फोन क्रमांक होता. मी छायाचित्र काढून तक्रार कक्षाला पाठवले. त्या घराबाबत अद्याप कोणाची तक्रार आलेली नाही, असे उत्तर आले.