म्हापशातील डेटा रिकव्हरी: एका दुकानाचा अनुभव

आमच्या बार्देशातील गावी देवळाच्या कालोत्सवात दरवर्षी नाटक होते, आणि त्या नाटकांची 11 वर्षांची चित्रीकरणे एक टेराबाइटच्या एकाच पोर्टेबल हार्ड डिस्कवर ठेवण्याचा शहाणपणा मी केला होता. गेल्या जूनमध्ये त्या डिस्कवरचा फोल्डर उघडायलाच पाच-पाच मिनिटे लागू लागली आणि फायली दुसरीकडे उतरवताना एका ठरावीक ठिकाणी सगळे थबकू लागले. तेव्हा मी म्हापशाच्या बाजारामागील ज्या छोट्या दुकानात गेलो, त्याच्या पाटीवर ‘संगणक दुरुस्ती’ एवढेच लिहिलेले आहे.

दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला तो डिस्कमधून टकटक आवाज येतो का, असा. येत असता तर त्याने ती हातात घेतली नसती, कारण वाचणारे हेड बिघडलेली डिस्क उघडायला धूळमुक्त खोली लागते आणि ती त्याच्याकडे नाही, हे त्याने स्वतःहून सांगितले. मी घरी विंडोजमधला डिस्क तपासणारा ‘चेकडिस्क’ हा प्रोग्राम चालवल्याचे कबूल केल्यावर तो थोडा नाराज झाला. हा प्रोग्राम फाइल-रचना दुरुस्त करताना डिस्कवरच लिहितो, त्यामुळे मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर तो चालवणे म्हणजे उरलेसुरले घालवणे होय. (डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला देणारा भाचाही घरी होता. पावसाळ्यातील आपल्या हवेत थंडगार डिस्क बाहेर काढली की तिच्यावर पाणी धरते, एवढे सांगून मी तो विषय मिटवला.)

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती ‘स्मार्ट’ नोंद पाहिल्यावर वाचता न येणाऱ्या सेक्टरांची, म्हणजे माहिती साठवणाऱ्या छोट्या कप्प्यांची, संख्या बरीच निघाली. मग त्याने एकही फाइल न उघडता लिनक्सवरील ‘डीडीरेस्क्यू’ हा मोफत प्रोग्राम लावून अख्ख्या डिस्कची सेक्टरागणिक नक्कल नव्या डिस्कवर घेतली. हा प्रोग्राम आधी सुदृढ भाग उतरवून घेतो, अडलेल्या जागांकडे नंतर वळतो आणि कुठवर आलो याची नोंद एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवत जातो. या नोंदीचे मोल गोव्यातल्या जूनमध्ये कळते: काम तीन दिवस चालले, त्यात दोनदा वीज गेली आणि दोन्ही वेळा नक्कल होती तिथूनच पुढे सुरू झाली. शेवटी सुमारे 38 मेगाबाइट तेवढे वाचता आले नाहीत. एका संगीत नाटकाच्या दुसऱ्या अंकात, नेमके नाट्यपद रंगात आलेले असताना, काही सेकंद चित्र फुटते. बाकी सर्व शाबूत आहे.

मजुरीचे 4,500 रुपये मला वाजवी वाटले. नवी डिस्क मात्र त्याच्याकडून घेतली ती बाहेरच्यापेक्षा महाग पडली, तेव्हा आपली आपण घेऊन जाणे बरे. फक्त ती जुन्या डिस्कपेक्षा लहान नसावी. माझी खरी तक्रार कागदपत्रांविषयी आहे. न वाचलेले सेक्टर कोणत्या फायलींत होते याची यादी मागूनही मिळाली नाही, त्यामुळे सगळी चित्रीकरणे मला बसून पाहावी लागली. शिवाय दुकानात राहिलेली तात्पुरती नक्कल 15 दिवसांनी पुसतो, हे त्याने तोंडीच सांगितले. नाटकांच्या बाबतीत ते चालते, पण एखाद्या वकिलाने किंवा डॉक्टरने आपला डेटा देताना ते लेखी घ्यावे.

आता एक प्रत माझ्याकडे, दुसरी मडगावला बहिणीच्या कपाटात आणि टंकलिखित संहिता तेवढ्या क्लाउडवर, अशी व्यवस्था मी केली आहे.

जाणाऱ्यांसाठी एवढेच, की दुपारी एक ते साडेतीन दुकान बंद असते आणि शुक्रवारी बाजारामुळे गाडी लावायला तिळभर जागा मिळत नाही.