किटची फसवणूक महिन्याने कळते, परत करायची मुदत आठवड्यात संपते

घरात पाण्यावर भाजी पिकवायची जी तयार किट ऑनलाइन विकली जातात, त्यातल्या खोट्या मालाचा धंदा एका साध्या हिशोबावर चालतो. बी रुजायला ना खत लागतं, ना फारसा उजेड. पहिले काही दिवस रोप बियांतल्या साठ्यावर जगतं. त्यामुळे पाण्यात रंग घालून दिला असेल आणि दिवा शोभेचा असेल, तरी आठवड्याभरात हिरवे कोंब दिसतात. गिऱ्हाईक खूश होऊन पाच तारे देतं आणि माल परत करायची मुदत संपून जाते. रोपं पिवळी पडून माना टाकायला लागतात ती तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. तेव्हा विक्रेता सांगतो, ‘तुमच्याकडून पाणी जास्त झालं असेल.’

पुण्यातल्या एका घरी आलेला असा एक संच आम्ही सुटा करून तपासला. 12 छिद्रांची 10 लिटरची टाकी, हवेचा छोटा पंप, ‘600 वॉट’चा जांभळा ग्रो लाइट (रोपं वाढवायचा दिवा), ए आणि बी खताच्या बाटल्या, पाण्याचा आम्लपणा वाढवणारं ‘पीएच डाउन’, बियांची सहा पाकिटं. किंमत 7,999 रुपये. विक्रेत्याचं नाव इथे देत नाही, कारण हाच माल वेगवेगळ्या नावांनी फिरतो. काय तपासायचं ते कळलं तर नाव कोणतंही असो, फरक पडत नाही.

आधी दिवा. तपासायला वेगळं यंत्र लागत नाही, घरचा वीजमीटर पुरतो. मीटरवर दर युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं, बऱ्याच मीटरवर 3200. फ्रिज, इन्व्हर्टर, राउटर, सगळं बंद करून फक्त ग्रो लाइट लावायचा आणि 10 मिनिटं मीटरवरचा लाल दिवा मोजायचा. 3200 च्या मीटरवर 600 वॉटच्या दिव्याला 320 लुकलुक व्हायला हव्यात. इथे झाल्या 20. म्हणजे दिवा जेमतेम 38 वॉट खातो. मग 600 आला कुठून? पॅनेलवर 200 चिप आहेत आणि प्रत्येक चिप कागदोपत्री 3 वॉटची, म्हणून 600. चिपमधून तेवढी वीज प्रत्यक्षात कधीच सोडलेली नसते.

वॉट कमी असणं हा एकटा दोष नव्हे, हेही सांगायला हवं. चांगल्या प्रतीचा, खरोखर 40-50 वॉट खाणारा पांढरा एलईडी 2 बाय 2 फुटांत लेट्यूस, बेसिल, पालक नीट वाढवतो. प्रश्न एका वॉटमागे किती प्रकाश मिळतो याचा आहे. चांगले दिवे विजेच्या दर जूलला 2.5 मायक्रोमोल (प्रकाशकण मोजायचं एकक, दहा लाखांचा एक मोल) किंवा त्याहून जास्त प्रकाश देतात आणि तो आकडा माहितीपत्रकात छापतात. स्वस्त जांभळे दिवे निम्म्यावर अडकतात, शिवाय त्यातला बराच उजेड भिंतींवर सांडतो. लेट्यूसला दर चौरस मीटरला दिवसाला 12 ते 15 मोल प्रकाश हवा. हा दिवा 16 तास जाळूनही आमच्या हिशोबाने 4 मोलच्या आसपासच मिळतात. एवढ्यात रोप मरत नाही, नुसतं ताणतं. देठ लांब, पानं बारकी. नवख्याला वाटतं, काय भराभर वाढतंय! ही उंची उजेड शोधण्याची असते, जोमाची नसते. पांढरा दिवा असेल तर फोनवरच्या लक्स मोजणाऱ्या अॅपने अंदाज घेता येतो: रोपाच्या शेंड्यापाशी 14,000 लक्स दिसले तर पालेभाजीला पुरेल. जांभळ्या दिव्याखाली मात्र ते आकडे निरर्थक असतात.

दिव्याला दोनच पिनांचा प्लग होता आणि पत्र्याच्या आवरणाला अर्थिंग नव्हतं. ड्रायव्हरवर (दिव्याला वीज पुरवणाऱ्या डबीवर) ‘आर’ अक्षर आणि आठ आकडी बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणी क्रमांकही नव्हता. खाली पाण्याची टाकी, हात ओले. पिकाचं काहीही होवो, असा दिवा घरात लावू नका.

आता खत, कारण खरी लबाडी तिथेच होती. हायड्रोपोनिक्सचं, म्हणजे पाण्यावरच्या शेतीचं, खत दोन बाटल्यांत देतात ते उगाच नाही. एकीत कॅल्शियम नायट्रेट आणि चिलेटेड (पाण्यात विरघळलेलं राहील असं) लोह, दुसरीत फॉस्फेट, सल्फेट, पोटॅश. ही दोन घट्ट द्रावणं एकत्र केली की कॅल्शियम सल्फेट-फॉस्फेटशी बांधला जाऊन पांढरा साका बसतो. याच गुणाचा उपयोग पडताळणीला करा. काचेच्या पेल्यात ए आणि बी दोन्ही पाणी न घालता एकेक चमचा मिसळा. खरं खत थोड्या वेळात दुधाळ होतं किंवा तळाशी साका धरतं. या संचातलं मिश्रण दुसऱ्या दिवशीही नितळ होतं, म्हणजे कॅल्शियम नाही किंवा नावापुरता. मग आरओच्या एक लिटर पाण्यात लेबलाप्रमाणे 2.5-2.5 मिलि टाकून ईसी मीटर लावला. ईसी म्हणजे पाण्यात किती क्षार विरघळलेत त्याचं माप. पालेभाजीला 1.2 ते 1.6 ईसी हवा, इथे 0.2 भरला. लेबलावर घटकांची टक्केवारी नाही, उत्पादकाचा पत्ता नाही, बॅच क्रमांक नाही.

याच बाटल्यांत कधी बाजारातलं 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) विरघळवून दिलेलं असतं. तिथे ईसी बरा दिसतो आणि माणूस गाफील राहतो. त्या खतात कॅल्शियम नसतो आणि निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतं. मातीतले जिवाणू त्याचं रूपांतर करतात, टाकीतल्या पाण्यात ते काम नीट होत नाही. कोवळ्या पानांच्या कडा करपल्या की आधी कॅल्शियमकडे बघा. मात्र बंद खोलीत हवा खेळत नसेल तर चांगल्या खतातही कडा करपतात, म्हणून एक छोटा पंखा लावून खात्री करा.

‘पीएच डाउन’ला व्हिनेगरचा वास होता. त्याने पीएच 6 वर येतो आणि दोनेक दिवसांत परत चढतो, कारण जिवाणू ते आम्ल खाऊन टाकतात. या कामाला फॉस्फोरिक आम्ल वापरतात. बोअरचं पाणी असेल तर त्यातल्या बायकार्बोनेटमुळे हा त्रास दुप्पट होतो.

बियांच्या पाकिटांत ‘निळी स्ट्रॉबेरी’ होती. अशी जात अस्तित्वात नाही. महाबळेश्वरच्या बागा स्ट्रॉबेरीची रोपं लावतात, ती मातृरोपांच्या धावत्या फांद्यांपासून केलेली असतात. बी पेरून कोणी बाग करत नाही. बाकी बियांसाठी ओल्या टिश्यू पेपरवर 20 दाणे ठेवून किती रुजतात ते बघा. लेट्यूस 30 अंशांच्या वर रुजायलाच नकार देतो, तेव्हा एप्रिल-मेमध्ये बियांना दोष देण्याआधी खोलीचं तापमान बघा.

आणि ‘महिन्याला 8 किलो भाजी, आम्हीच विकत घेऊ’ हे आश्वासन. 2 बाय 2 फुटांत 20 सेंमी अंतराने लेट्यूसचे 9 गड्डे बसतात, उत्तम उजेडात लावणीनंतर 35-40 दिवसांनी एकेक 150 ग्रॅमचा. म्हणजे सव्वा-दीड किलो. विकत घेण्याच्या भरवशावर अनामत रक्कम मागितली तर तिथेच थांबा.

माल आल्यावर पेटी उघडतानाच सलग चित्रीकरण करा आणि वरच्या तपासण्या पहिल्या दोन दिवसांत उरका. प्रत्येक बाटलीतलं निम्मं खत पुरावा म्हणून तसंच राहू द्या. तक्रारीत ‘रोपं वाढली नाहीत’ असं लिहू नका, त्यावर वाद घालता येतो. ‘पेटीवर 600 वॉट, मीटरवर 38’ असं लिहा आणि मीटरचा व्हिडिओ जोडा. ई-कॉमर्स नियम 2020 प्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात उत्तर द्यायचं असतं. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915. पुढे जिल्हा ग्राहक आयोग, तोही तुम्ही राहता त्या जिल्ह्यातला, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पैसे यूपीआयने देऊन मालच आला नसेल तर वाट न बघता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर, फोन करा.