मेणकागदातलं ‘नवं’ बेअरिंग

जुन्या गाडीच्या मागच्या चाकाची घरघर आधी टायरची वाटते, मग रस्त्याची, मग आपल्याच कानांची शंका येते. माझ्या गाडीची घरघर डावीकडे वळताना वाढायची आणि उजवीकडे वळताना जवळजवळ थांबायची. डाव्या वळणावर भार उजव्या चाकांवर जातो, म्हणजे दुखणं उजवीकडे. निदान बरोबर निघालं आणि त्या खुशीत बेअरिंगही घरीच बदलायचं ठरवलं.

नंबर ६२०६. शेवटच्या ०६ ला पाचाने गुणलं की आतल्या भोकाचं माप मिळतं, ३० मिलिमीटर. बाहेरचा व्यास ६२, जाडी १६. आजही सर्रास बनणारा हा नंबर कुठल्याही बेअरिंगवाल्याकडे मिळाला असता. पण मला ‘त्या काळातलंच’ हवं होतं. हौस, दुसरं काय! जुन्या गाड्यांचे भाग विकणाऱ्या एकाने ती बरोबर हेरली. “साहेब, गोदामात पडून राहिलेला माल आहे, कधी वापरलाच नाही. असं पोलाद आता येत नाही.” पिवळं पडलेलं खोकं, आत मेणकागद, तेलाचा वास. मी खोकं दहा वेळा निरखलं, बेअरिंग एकदाही नीट पाहिलं नाही. दोन घेतली आणि ऑइल सील मिळेपर्यंत कपाटात ठेवून दिली. तेवढ्यात माल परत करायची मुदत उलटून गेली.

काम तसं मजेचं. गाडी स्टँडवर घेतली, ब्रेकचा ड्रम काढला, त्यामागच्या बॅकप्लेटचे चार नट सोडले आणि सरकत्या हातोड्याने हाफ शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, ओढून काढला. बेअरिंगला धरून ठेवणारी जुनी कॉलर, म्हणजे लोखंडी कडी, शाफ्टवर घट्ट बसलेली असते. तिला अर्ध्यापर्यंत भोक पाडून छिन्नीने फोडायची, पण ड्रिल शाफ्टला लागू द्यायचं नाही. यातच माझी अर्धी सुट्टी गेली. खरी धोक्याची घंटा त्यानंतर वाजली. नवं बेअरिंग प्रेसखाली कुरकुरत, जोर मागत बसायला हवं. माझं हाताच्या दाबानेच निम्म्यावर गेलं, उरलेलं पाइपच्या तुकड्याने आतल्या रेसवर, म्हणजे बेअरिंगच्या आतल्या कडीवर, हलके ठोके देऊन. मी काय म्हणालो असेन? “वा, शाफ्ट छान साफ झाला!”

तीनशे किलोमीटरही झाले नसतील, घरघर परत आली. या वेळी चाक धरून ओढलं तर आतबाहेर हलत होतं. पुन्हा सगळं उघडलं, बेअरिंग शाफ्टवरून उतरवलं आणि रबरी सील पातळ पट्टीने उचकटलं. वरचं ग्रीस ताजं, पण छर्रे जागेवर ठेवणाऱ्या केजच्या कोपऱ्यात जुनं, काळं, घट्ट झालेलं. रेसवर छर्ऱ्यांनी पाडलेला तपकिरी पट्टा, आणि तो तीनशे किलोमीटरचा नव्हता.

मग लेथवाल्याकडे मोजून घेतलं. नव्या बेअरिंगचं भोक ३० च्या वर जात नाही, कमी असलं तर फार तर ०.०१. माझं ३०.०२ भरलं. आतला गंज घासून काढलेला होता. जाडी १६ पेक्षा ०.१२ पर्यंत कमी चालते, माझी १५.७८ होती. बाजू घासून जुना नंबर पुसला होता आणि वर नवा कोरला होता. प्रकाशात तिरकं धरलं की खालच्या आकड्यांची सावली दिसते. जाडी कमी, म्हणून बेअरिंगवर बसणारी प्लेट बाहेरच्या रेसला दाबून धरत नव्हती. अशा ऍक्सलमध्ये बेअरिंग आणि कॉलर हीच शाफ्टला जागेवर ठेवतात. ती सुटली तर चाक, ड्रम आणि शाफ्ट मिळून बाहेर निघतात. हे मला आधीपासून माहीत होतं, याचीच जास्त लाज वाटली.

विक्रेत्याचं उत्तर तयारच होतं. “तुम्ही हातोड्याने बसवलं असणार. बसवलेला माल परत होत नाही.” आणि बसवल्याशिवाय खोट कळणार नाही, याची त्याला खात्री. पण ती तशीही कळते, फक्त मोजायला हवं. जाडी साध्या व्हर्निअरनेही सापडते. भोकासाठी मात्र लेथवाल्याकडे जा, व्हर्निअरवर त्यात विसंबू नका. माल हाती पडल्याच्या दिवशीच खोकं उघडा, दोन्ही बाजू उजेडात फिरवून बघा. काही मोठ्या बेअरिंग कंपन्या खोक्याचे आणि खुणांचे फोटो पाठवले तर माल त्यांचा आहे की नाही ते सांगतात. मी तेही नंतरच केलं. उत्तर आलं, आमचा नाही.

ते उत्तर विक्रेत्याला पाठवलं, सोबत न उघडलेल्या दुसऱ्या बेअरिंगचाही विषय काढला. म्हणाला, मुदत संपली. मग मेणकागद सोडून तेही मोजलं. १५.८०. आणि दोन्हींवर कोरलेल्या सहाचं शेपूट एकाच जागी तुटलेलं.

गाडीत आता बेअरिंगवाल्याकडून आणलेलं साधं, आजचं ६२०६ आहे. प्रेसखाली बसताना चांगलं कुरकुरलं.