के-३६ च्या मॉडेलसाठी पुरावे: ऑटो पेरी संग्रह आणि बाल्डविनची स्पेसिफिकेशन्स

डेन्व्हर अँड रिओ ग्रांडे वेस्टर्न या अमेरिकन रेल्वेचं के-३६ हे नॅरोगेजचं (अरुंद रुळांवरचं) वाफेचं इंजिन मॉडेलवाल्यांच्या खास आवडीचं. बाल्डविन या इंजिन कारखान्यानं १९२५ मध्ये अशी दहा इंजिनं बांधली, क्रमांक ४८० ते ४८९. चाकांची मांडणी २-८-२ (पुढे दोन, मध्ये इंजिन ओढणारी आठ चालक चाकं, मागे दोन), चालक चाकं ४४ इंची, सिलिंडर २० बाय २४ इंची, बॉयलरचा दाब दर चौरस इंचाला १९५ पौंड. के म्हणजे मिकाडो, हे २-८-२ मांडणीचं नाव, आणि ३६ म्हणजे ३६,२०० पौंडांची ओढ. एवढी माहिती कुठेही मिळते. पण मॉडेलवर पाइप वळवायला बसलं की खरे प्रश्न सुरू होतात. हा पाइप रनिंग बोर्डाच्या (बॉयलरच्या बाजूच्या चालण्याच्या फळीच्या) वरून जातो की खालून? चाकं घसरू नयेत म्हणून रुळांवर वाळू सोडणाऱ्या नळ्या किती? १९३८ मध्ये कॅबच्या खिडकीवर छज्जा होता का? अशा प्रश्नांसाठी दोन संग्रह कितपत उपयोगी पडतात, ते इथे पाहू.

पहिला डेन्व्हर पब्लिक लायब्ररीतला ऑटो पेरी संग्रह. पेरी (१८९४–१९७०) हे डेन्व्हरचे पोस्टमन. त्यांनी काढलेले रेल्वेचे सुमारे २०,००० फोटो या ग्रंथालयाकडे आहेत आणि ते ऑनलाइन पाहता येतात. संग्रहाची सगळ्यात मोठी ताकद म्हणजे नोंदी. बहुतेक फोटोंखाली रेल्वेचं नाव, इंजिनाचा क्रमांक, चाकांची मांडणी, कोणत्या बाजूनं फोटो घेतला, जागा आणि तारीख असते. गाडी धावती असेल तर डबे किती आणि वेग किती, हेही बऱ्याचदा लिहिलेलं असतं. त्यामुळे 'के-३६' असं न शोधता थेट '४८४' असं शोधावं. वर्गाच्या नावानं शोधलं तर पुष्कळसे फोटो हातातून निसटतात.

शोधताना एक सवय फार उपयोगी पडते. आधी एकच क्रमांक आणि एकच वर्ष ठरवायचं. समजा ४८४ आणि १९३९. मग त्या वर्षाच्या आधीचा एक आणि नंतरचा एक असे दोन तारीखवार फोटो गाठायचे. दोन्हींत हेडलाइट, एअर पंप आणि वाळूच्या नळ्या सारख्याच दिसल्या, तर मधल्या वर्षासाठी त्या बिनधास्त बसवाव्यात. फरक दिसला तर बदल नेमका कधी झाला ते ठरवण्यासाठी तिसरा फोटो हवा. दहाही इंजिनं एकाच ऑर्डरमधली, म्हणून ४८१ चा तपशील ४८८ वर चढवण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण दुरुस्तीच्या शॉपमधून प्रत्येक खेपेला इंजिन थोडं बदलूनच बाहेर पडतं.

नोंदीतली तारीखही पारखून घ्यावी. टेंडरवरचं (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यावरचं) तिरप्या, धावत्या अक्षरांतलं 'रिओ ग्रांडे' १९४० च्या आसपास आलं. ते दिसत असेल आणि खाली १९३२ लिहिलं असेल, तर तारीख चुकली आहे. ४८५ हे इंजिन १९५५ मध्ये भंगारात गेलं, म्हणजे त्यानंतरच्या फोटोत तो क्रमांक असूच शकत नाही. ४९० ते ४९९ ही के-३७. जुन्या स्टँडर्डगेज इंजिनांचे बॉयलर वापरून ती १९२८ ते १९३० मध्ये घडवली. त्यांचीही फ्रेम बाहेर आणि चाकं ४४ इंचीच, त्यामुळे धूसर फोटोत दोन्ही वर्गांची गल्लत सहज होते. क्रमांक वाचता येत नसेल तर तो फोटो बाजूला ठेवलेलाच बरा.

आता उणिवा. पेरींना धावत्या गाडीचं वेड, म्हणून कोनातून, पुढच्या टोकाकडून घेतलेले फोटो भरपूर आणि अगदी काटकोनात, आडवे घेतलेले कमी. उन्हातली बाजू स्वच्छ आणि रनिंग बोर्डाखाली काळोख, त्यामुळे ब्रेकचे दांडे आणि ॲशपॅनचा (राखेच्या पेटीचा) आकार सावलीत हरवतो. स्कॅन उजळवून थोडं दिसतं, पण निगेटिव्हवर जे उमटलंच नाही ते कुठून येणार? बॉयलरचा माथा आणि डोमच्या (त्यावरच्या घुमटांच्या) मागचे व्हॉल्व्ह दाखवणारे फोटो विरळ. रिव्हेटच्या रांगा मोजायच्या असतील तर ग्रंथालयाकडून मोठा स्कॅन मागवणं हाच सरळ मार्ग.

फोटोवरून माप घेताना के-३६ ची बाहेरची फ्रेम आड येते. चाकांच्या कडा तिच्यामागे लपतात. शिवाय ४४ इंच हे नव्या टायरचं माप, टायर झिजला की तेही उरत नाही. त्याऐवजी साइड रॉडवरच्या (चालक चाकांना जोडणाऱ्या दांड्यावरच्या) क्रँकपिनांमधलं, म्हणजे दांडा जिथे अडकतो त्या खुंट्यांमधलं, अंतर धरावं. चाक कुठेही फिरलेलं असो, हे अंतर अॅक्सलमधल्या अंतराएवढंच राहतं. मात्र ही पट्टी फक्त क्रँकपिनांच्या पातळीतल्या भागांना लागू पडते. बॉयलर त्याच्या मागे असतो. कॅमेरा १५ मीटरवर आणि मोजायचा भाग १ मीटर मागे असेल, तर माप सुमारे ६ टक्के कमी भरतं. मॉडेलवर १० मिलिमीटरच्या भागात ०.६ मिलिमीटरची तूट, म्हणजे डोम जागेवरून हललेला उघड दिसतो.

ही अॅक्सलची अंतरं मिळवायला दुसरा संग्रह लागतो. डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटीतल्या डीगोलायर लायब्ररीत बाल्डविनची स्पेसिफिकेशनची पुस्तकं आहेत आणि त्यांची पानं स्कॅन करून ऑनलाइन ठेवली आहेत. ही चित्रं नव्हेत, मजकूर आहे, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याची त्यामुळे निराशा होते. पण एका ऑर्डरच्या पानांत चाकतळ (पहिल्या आणि शेवटच्या अॅक्सलमधलं अंतर), बॉयलरच्या पत्र्याची जाडी, नळ्यांची संख्या, टेंडरची टाकी, ब्रेक, घंटा, शिट्टी, रंग असं कायकाय सापडतं.

त्यासाठी बाल्डविनचा सांकेतिक वर्ग वाचता आला पाहिजे. के-३६ चा वर्ग १२-३४-१/४-ई असा. १२ म्हणजे एकूण चाकं. ३४ चे निम्मे १७, त्यात ३ मिळवले की २०, हा सिलिंडरचा व्यास इंचांत. १/४ ही मागच्या भारवाहू चाकांची खूण आणि ई म्हणजे आठ चालक चाकं. हे जमलं की यादीतून आपलं इंजिन पटकन ओळखता येतं.

पाइपांच्या बाबतीत बरेच जण फसतात. कागदावर '१ इंची पाइप' असेल तर ते नाममात्र माप. बाहेरचा व्यास १.३१५ इंच, म्हणजे ३३.४ मिलिमीटर असतो. १:८७.१ प्रमाणाच्या मॉडेलला ०.३८ मिलिमीटरची तार लागते आणि १:४८ च्या मॉडेलला ०.७० ची. २ इंची पाइपाचा बाहेरचा व्यास ६०.३ मिलिमीटर, म्हणजे तार अनुक्रमे ०.६९ आणि १.२६ मिलिमीटरची. नाममात्र माप धरून १:८७.१ ला ०.२९ ची तार लावली की १ इंची पाइप दोऱ्यासारखा किरकोळ दिसतो.

प्रत्यक्ष ड्रॉइंगसाठी रेल्वेचं स्वतःचं फोलिओ शीट (इंजिनाच्या मुख्य मापांचा आराखडा) शोधावं. गोल्डनच्या कोलोरॅडो रेलरोड म्युझियमचं ग्रंथालय त्यासाठी विचारण्यासारखं आहे. ड्रॉइंग हाती आलं तरी पट्टी लावून मोजू नये. ब्लूप्रिंट पाण्यातून निघते आणि वाळताना लांबी-रुंदीत सारखी आक्रसत नाही. लिहिलेला आकडाच खरा मानावा. स्कॅनवर आडवं एक आणि उभं एक अशी दोन लिहिलेली मापं घेऊन दोन्ही दिशांचं प्रमाण वेगवेगळं काढावं. छापताना 'पानात बसवा' हा पर्याय बंद करून १०० टक्क्यांवर छापावं.

कॅबच्या आतला बॅकहेड (बॉयलरची मागची, चालकासमोरची बाजू) मात्र या दोन्ही ठिकाणी जवळपास मिळत नाही. त्यासाठी पर्यटक रेल्वेंवर उरलेल्या जिवंत इंजिनांकडे वळावं लागतं: कम्ब्रेस अँड टॉल्टेकवर ४८३, ४८४, ४८७, ४८८, ४८९ आणि ड्युरँगो अँड सिल्व्हर्टनवर ४८०, ४८१, ४८२, ४८६. ड्युरँगोच्या बाजूला इंजिनं कोळशावरून तेलावर नेली गेली आहेत, त्यामुळे तिथले आजचे फोटो फायरडोअर (भट्टीचं दार) आणि टेंडरच्या कोळशाच्या जागेसाठी वापरू नयेत. गेज, थ्रॉटल आणि इंजेक्टरची जागा पाहायला ते चालतात, फक्त प्रत्येक गोष्ट एखाद्या जुन्या फोटोत कॅबच्या खिडकीतून डोकावते का, हे पडताळून मगच बसवावी.