लॅपटॉपचं घड्याळ मागे पडतंय आणि दुकानदार म्हणतोय मदरबोर्ड गेला? पैसे द्यायच्या आधी हे वाचा

माझ्या बाबांना एका लॅपटॉप रिपेअरवाल्याने ६,००० रुपयांना गंडवलंय आणि बिघाड होता फक्त एका छोट्या सेलचा. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही कारण तक्रार चालू आहे, पण हीच ट्रिक कुठेही होऊ शकते आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांबरोबर तर हमखास होते, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

बाबा रिटायर्ड, सांगलीला असतात, सोसायटीचे हिशोब तेच बघतात. लॅपटॉप जुना आहे, मेन बॅटरी केव्हाच बसलीय त्यामुळे चार्जर लावूनच चालतो आणि बाबांची सवय अशी की रात्री झोपताना भिंतीवरची सगळी बटणं बंद. मग व्हायचं काय, रात्री साडेनऊला बंद केलेला लॅपटॉप सकाळी आठला लावला की घड्याळात नऊ बत्तीस. म्हणजे रात्रभर घड्याळ चाललेलंच नाही! नेट लागलं की थोड्या वेळाने वेळ आपोआप बरोबर व्हायची म्हणून त्यांनी मनावर घेतलं नाही. मग एका सकाळी तारीखच थेट २०१८ आणि बँकेची साइट उघडेना, स्क्रीनवर इशारा की तुमचं कनेक्शन प्रायव्हेट नाही, कोणीतरी तुमची माहिती चोरायचा प्रयत्न करत असेल. पेन्शनचं खातं त्याच बँकेत, बाबा घाबरले आणि लॅपटॉप उचलून सरळ दुकानात गेले.

खरं तर ह्यात हॅकिंग वगैरे काही नसतं. प्रत्येक सुरक्षित साइटच्या सर्टिफिकेटवर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत असं लिहिलेलं असतं, लॅपटॉपची तारीख त्याच्या बाहेर गेली की ब्राउझर साइट उघडत नाही, एवढंच. पण त्या माणसाने नेमकी बाबांची भीती पकडली. काउंटरवरच, लॅपटॉप न उघडता, म्हणाला, "काका, मदरबोर्डचं आरटीसी सेक्शन उडालंय, व्हायरसपण असणार, चिप लेव्हलचं काम आहे, असंच वापरलंत तर खातं साफ होईल." (आरटीसी म्हणजे मदरबोर्डवरचा घड्याळाचा भाग.) ४,८०० रुपये सांगितले आणि लॅपटॉप ठेवून घेतला. परत दिला तेव्हा वेळ अगदी बरोबर. बरोबर असणारच, वेळ तर कोणीही सेट करतं! दोन-तीन रात्री बटण बंद झालं आणि पुन्हा तेच. बाबा परत गेले तर म्हणे आता विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट मारावं लागेल, १,२०० वेगळे. बॅकअप घेतो म्हणाला, घेतला नाही. सोसायटीच्या हिशोबाच्या फायली गेल्या, ऑडिटरला मेल केलेल्या होत्या तेवढ्याच परत मिळाल्या.

मी गणपतीला घरी गेले तेव्हा हे सगळं कळलं. शेजारचा मुलगा इलेक्ट्रॉनिक्सला आहे, त्याला बोलावलं आणि बाबांच्या समोरच लॅपटॉप उघडला. मागच्या एका स्क्रूवर कंपनीचा छोटा गोल कागदी स्टिकर होता, तो जसाच्या तसा, न फाटलेला. आत फॅनच्या जाळीवर धुळीचा जाड थर, कुणाचं बोट लागल्याची खूणसुद्धा नाही. म्हणजे ४,८०० रुपये घेऊन ह्या माणसाने मागचं कव्हरसुद्धा काढलं नव्हतं. मदरबोर्डला लाल-काळ्या दोन वायरींनी जोडलेला, काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक सेल होता. मल्टीमीटर लावला तर १.४ व्होल्ट, चांगल्या सेलला ३ च्या आसपास यायला पाहिजे. तसाच वायरवाला नवीन सेल १८० रुपयांना मिळाला, बसवला, आणि तेव्हापासून बटण रात्रभर बंद असलं तरी सकाळी वेळ बरोबर असते.

ह्याला सीमॉस बॅटरी म्हणतात. बऱ्याच लॅपटॉपमध्ये सीआर २०३२ असते, २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड, तीच जी गाडीच्या रिमोटमध्ये आणि छोट्या वजनकाट्यात पण असते. लॅपटॉप बंद असताना घड्याळ चालवणं हे तिचं काम, एक बारीक क्रिस्टल सेकंदाला ३२,७६८ वेळा हलतो त्यावर वेळ मोजली जाते आणि त्याला लागणारी वीज अगदी नगण्य, म्हणून सेल वर्षानुवर्षं टिकतो. मेन बॅटरी चांगली असेल तर पुष्कळ मॉडेलमध्ये घड्याळाला तिच्याकडूनही वीज मिळते, त्यामुळे सेल संपलेला कळतच नाही. बाबांची मेन बॅटरीही मेलेली आणि बटणही बंद, म्हणून रात्री घड्याळ थांबायचं. नवीन बऱ्याच लॅपटॉपमध्ये वेगळा सेल नसतोच, तेव्हा आधी आपल्या मॉडेलचं बघा.

दुकानात जायच्या आधी घरी करता येणारी टेस्ट सांगते, पैसे लागत नाहीत. लॅपटॉप चालू करताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या स्क्रीनमध्ये जा (डेल, एसरला बहुतेक एफ टू, एचपीला एफ टेन), तिथे वेळ बरोबर लावा, सेव्ह करा, बंद करून चार्जर काढून रात्रभर ठेवा. सकाळी विंडोज सुरू होऊ न देता परत थेट बायोसमध्येच वेळ बघा, कारण विंडोज लागलं की ते नेटवरून वेळ दुरुस्त करतं आणि दोष झाकला जातो. तिथे वेळ मागे असेल तर आधी संशय सेलवर घ्यायचा. उलट फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर सेलचा संबंध नाही, टाइम झोन चुकलाय किंवा विंडोजबरोबर लिनक्स ही दुसरी सिस्टीमपण टाकलीय, कारण लिनक्स घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर ठेवतं आणि विंडोज स्थानिक वेळेवर. आणि लॅपटॉप चालू असतानाच वेळ मागे पडत असेल तर सेटिंगमध्ये जाऊन नेटवरून वेळ घेण्याचा पर्याय चालू आहे का ते आधी बघा.

सेल बदलायच्या आधी बिटलॉकरची (विंडोजमधलं डिस्कचं कुलूप) रिकव्हरी की लिहून ठेवा, बायोस रीसेट झालं तर ती मागितली जाऊ शकते. काही मॉडेलमध्ये एमएल नावाचा चार्ज होणारा सेल असतो, त्याच्या जागी साधा सीआर घालायचा नाही. आणि जुना सेल लहान मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नका प्लीज, गिळला तर अन्ननलिका जळते, जीवावर बेततं.

दुकानात द्यायचाच असेल तर समोर उघडायला सांगा आणि काढलेला पार्ट परत मागा. आमच्या ह्या माणसाकडे "बदललेली आयसी (चिप) दाखव" म्हटल्यावर "ती फेकली" एवढंच उत्तर होतं. स्टिकरचा फोटो दाखवला तर अंगावर आला, आमच्या मुलांनी परत चिकटवला असेल म्हणे! बिल तर नव्हतंच, नुसती हाताने लिहिलेली चिठ्ठी, जीएसटी नंबर नाही. पण बाबांनी पैसे यूपीआयने दिलेत आणि त्याचा "एमबी आरटीसी आयसी चेंज ४८००" असा मेसेज व्हॉट्सॲपवर आहे. मी १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि दुकानाला लेखी नोटीस पाठवली. नोटीस पोचल्यावर फॉरमॅटचे १,२०० परत आले, ४,८०० अजून नाहीत. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते आणि त्यासाठी २ वर्षांची मुदत असते. बाबा म्हणतात जाऊ दे, कशाला कटकट. मी कागद तयार केलेत, चिठ्ठी, यूपीआयची पावती, मेसेज, स्टिकरचा आणि मल्टीमीटरचा फोटो, पुढच्या आठवड्यात दाखल करतेय.