कापडी बेबी कॅरिअर: पावसाळा ते उन्हाळा, बेळगावातला अनुभव

मागच्या आषाढात घेतलेलं, बाळाला अंगावर बांधायचं कापडी कॅरिअर आमच्याकडे अजून रोज वापरात आहे, त्यामुळे आता त्याबद्दल खात्रीनं लिहिते. कॅरिअर सोयीचं होणार की अडगळीत जाणार, हे माझ्या मते किमतीवर ठरत नाही. बाळाच्या मांड्यांखाली कापड कुठवर येतं आणि वजन तुमच्या खांद्यांवर पडतं की कमरेवर, एवढंच बघायचं.

आमचं घर शहापुरात, माहेर निपाणीचं. सणाच्या तोंडावर गणपत गल्लीत बाबागाडी ढकलायची सोय नाही आणि बसमध्ये तर ती चढवायची कशी हाच प्रश्न. म्हणून अंगावर बांधायचंच काहीतरी हवं होतं. लांब कापडाचा रॅप तान्ह्या बाळाला छान, पण बसस्टँडवर पाच मीटर कापड उलगडून बांधणं माझ्याच्यानं होण्यासारखं नव्हतं. रिंग स्लिंग, म्हणजे कड्यांतून कापड ओढून एका खांद्यावर घ्यायची झोळी, पटकन घालता येते, पण भार एकाच खांद्यावर येतो. नणंदेची हिपसीट काही दिवस वापरून बघितली. तिच्यात आत फोमचा टणक ठोकळा असतो. बसायला लागलेल्या बाळाला घरात ती बरी, पण बसच्या सीटवर आई, बाळ आणि तो ठोकळा मावत नाहीत. शेवटी दोन खांदेपट्टे, रुंद कमरपट्टा आणि बकल असलेलं साधं सुती कॅरिअर घेतलं.

घेताना मी सगळ्यात जास्त बघितली ती बैठकीची रुंदी. बाळाच्या एका गुडघ्याच्या खोबणीपासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत कापडाचा आधार हवा, गुडघे कुल्ल्यांच्या पातळीला किंवा किंचित वर हवेत. इंटरनॅशनल हिप डिस्प्लेजिया इन्स्टिट्यूट ही संस्थाही खुब्यांच्या वाढीसाठी, विशेषतः पहिल्या सहा महिन्यांत, हीच बैठक सुचवते. ज्यात फक्त दोन पायांमध्ये अरुंद पट्टी असते आणि पाय खाली लोंबतात, ते कॅरिअर मी बाजूला ठेवलं. बाळाला पहिल्यांदा बसवलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, पाय फेंगडे होतील की त्याचे!" मी म्हटलं, "आई, तुम्ही कडेवर घेता तेव्हा पाय असेच असतात बघा." त्यांनी लगेच त्याला कडेवर घेतलं, पाय बघितले आणि मग स्वतःच शेजारच्या आज्जींना समजावून सांगितलं. आपल्याकडच्या पोरांना ही बैठक जन्माची ओळखीची आहे. कॅरिअरची बैठक मात्र रुंदीला कमी-जास्त करता येणारी घ्या, नाहीतर तीन महिन्यांच्या बाळाला ती फार रुंद आणि वर्षाच्या पोराला अपुरी पडते.

आता बांधण्याबद्दल, कारण पाठदुखीच्या बहुतेक तक्रारी इथूनच येतात. कमरपट्टा आधी आणि घट्ट. तो खाली ओटीपोटावर नको, बेंबीच्या आसपास हवा. माझं सिझर झालेलं, त्यामुळे डॉक्टरांना विचारूनच सुरुवात केली आणि पट्टा टाक्यांच्या बराच वर ठेवला. बाळाला छातीशी धरून कापड वर घ्यायचं, एक हात त्याच्या पाठीवर ठेवूनच खांदेपट्टे चढवायचे आणि मग दोन्ही बाजू सारख्या ओढायच्या. दोन्ही खांदेपट्टे जोडणारी पाठीमागची आडवी क्लिप हाताला येत नाही म्हणून बऱ्याच जणी वैतागतात. ती आधीच सैल लावून ठेवायची, स्वेटरसारखं डोक्यावरून घालायचं आणि नंतर आवळायचं. ती क्लिप मानेजवळ चढली तर खांदे भरून येतात, दोन्ही पाखांच्या मध्ये असली की वजन जाणवत नाही.

सगळं बांधून झालं की मान खाली करून बाळाच्या टाळूची पापी घेता आली पाहिजे. तेवढं ते उंच हवं. चेहरा सतत दिसायला हवा, नाक-तोंड कापडात किंवा पदरात दबता कामा नये, हनुवटी छातीला टेकता कामा नये, खाली दोन बोटं जातील एवढी जागा हवी. चार महिन्यांच्या आतल्या बाळाच्या बाबतीत यात जराही ढिलाई नको, त्या वयात मान दुमडली तर श्वास अडतो. दिवस भरण्याआधी जन्मलेलं किंवा कमी वजनाचं बाळ असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

साडीवर कमरपट्ट्याखाली निऱ्या गोळा होतात, ड्रेसवर त्रास नाही. लांब मंगळसूत्र बाळाच्या गालाखाली रुततं, मी ते पाठीवर टाकते. आमच्या यजमानांची उंची जास्त, दरवेळी पट्टे नव्यानं जुळवावे लागायचे. शेवटी माझ्या मापावर लाल दोऱ्याचे चार टाके घातले आणि त्यांच्या मापावर पांढरे. आता दोघांनाही अर्ध्या मिनिटात घालता येतं.

खरा उपयोग बसमध्ये. ११ जून २०२३ ला शक्ती योजना सुरू झाल्यापासून कर्नाटकातल्या बायकांना साध्या बसचा प्रवास मोफत आहे, त्यामुळे निपाणीच्या गाडीला गर्दी असतेच. एका हातानं दांडा धरायचा आणि दुसऱ्यानं कंडक्टरला आधार कार्ड दाखवायचं, हे पोर कडेवर असताना कसं जमणार? आता जमतं. कुणीतरी कानडीत "बर्री अक्का, कुंदर्री" (या ताई, बसा) म्हणत जागाही देतं. बसल्यावर कमरपट्टा वर सरकतो आणि बाळ हनुवटीला लागतं, तेव्हा खांदेपट्टे बोटभर सैल करायचे, उतरण्याआधी पुन्हा ओढायचे.

दुचाकीवर मात्र हे वापरू नका. आपल्याकडे अनेकजण बाळाला असं बांधून गाडीवर निघतात, बघून जीव खालीवर होतो. कॅरिअर अपघातात वाचवण्यासाठी बनवलेलं नसतं. १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू असलेल्या केंद्राच्या नियमानुसार चार वर्षांखालच्या मुलासाठी वेगळा सेफ्टी हार्नेस लागतो, नऊ महिन्यांपुढे हेल्मेट लागतं आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. तसंच कॅरिअर घालून गॅसपाशी उभं राहायचं नाही, गरम चहाही नको, आणि वाकताना कमरेतून न वाकता गुडघ्यात वाकायचं.

तक्रार आहे ती वाळण्याची. आपल्याकडे श्रावणात रुमाल वाळत नाही, तिथे फोमचे पट्टे काय वाळणार? कुबट वास यायला लागला तेव्हा सगळं पाण्यात घालणं बंद केलं. खांदेपट्टे बाळ चोखतं, म्हणून त्यांच्यावर जुन्या धोतराची काढता येणारी कव्हरं शिवली, धुवायची ती तेवढीच. उन्हाळ्यात बाळाला आत एक पातळ झबलंच, कारण कॅरिअरचं कापड हाही एक थर असतो. अथणीसारख्या जास्त उन्हाच्या भागात तर दुपारी बांधूच नये, दोघंही घामानं निथळतात.

बाजारात हजार-बाराशेपासून पाच हजारांच्या पुढेही मिळतात. पैसे द्यायचे ते रुंद कमरपट्ट्यासाठी, दुहेरी शिवणीसाठी आणि बकलला मागून इलॅस्टिकची जादा पकड असण्यासाठी. डोक्यावरची टोपी, खिसे, खेळणी अडकवायची कडी, यांचा मला काही उपयोग झाला नाही. ओळखीत कुणाचं वापरलेलं मिळालं तर जरूर घ्या, फक्त शिवण ताणून बघा आणि बकल अंगठ्यानं सहज उघडत तर नाही ना ते तपासा.

आमच्या कॅरिअरचा खांद्यावरचा फोम थोडा दबलाय, शिवण शाबूत आहे. पोरगं आता पाठीवर बसतं आणि दर पाच मिनिटांनी खाली उतरायला मागतं, तरी बाजारात कॅरिअर पिशवीत असतंच.