ऑफिसचं नवं प्रवेशद्वार: आठ महिने वापरल्यावर

आमच्या इमारतीचा दर्शनी भाग पाडून नव्याने केला, त्याला आठ महिने झाले. दिवसातून चार-पाच वेळा तिथून ये-जा होते, त्यामुळे चार शब्द लिहायला हरकत नाही.

आधी पुढे तीन पायऱ्या होत्या आणि रॅम्प मागे, कचऱ्याच्या डब्यांना वळसा घालून. आता पायऱ्याच नाहीत. अख्खी वाटच सौम्य उताराची केली आहे. हिशोब सरळ आहे: 15 सेंमीच्या तीन पायऱ्या म्हणजे 45 सेंमी चढ, आणि 1:12 च्या उताराला (म्हणजे 1 मीटर चढायला 12 मीटर वाट) त्यासाठी 5.4 मीटर लांबी लागते. ती पार्किंगमधून काढली तेव्हा कुरकुर झाली, मीही केली. मग तिसऱ्या महिन्यात माझाच पाय प्लास्टरमध्ये गेला. कुबड्या घेऊन मी सगळ्यांबरोबर, पुढच्याच दाराने आत जात होतो. तेव्हापासून पार्किंगबद्दल चकार शब्द काढलेला नाही.

आता फिरत्या दरवाजाकडे येऊ. उद्घाटनाला सगळ्यांनी फोटो काढले ते त्याचेच. थिऑफिलस व्हॅन कॅनेलने 1888 मध्ये अमेरिकेत अशा दरवाजाचं पेटंट घेतलं. त्यातली खुबी अशी की माणसं जात-येत असली तरी दरवाजाचं एखादं पातं कायम वाट अडवून असतं, त्यामुळे बाहेरची हवा थेट आत घुसत नाही. उंच इमारतीत लिफ्ट आणि जिन्यांच्या पोकळीतून हवा वर-खाली ओढली जाते, तिथे हे फार कामाचं. पण शेजारी व्हीलचेअरसाठी बटणाचं आपोआप उघडणारं दार आहे. एका हातात लॅपटॉपची बॅग, दुसऱ्या हातात फोन असलेला माणूस काय करणार? बटण दाबणार. दार उघडतं, सावकाश मिटायला लागतं, तेवढ्यात पुढचा येऊन परत दाबतो. सकाळी साडेनऊला ते दार बंद असं नसतंच. रिसेप्शनवरच्या ताई शाल पांघरून बसतात. माझं मत विचाराल तर फिरता दरवाजा नको होता. एकामागे एक अशी दोन सरकती दारं हवी होती, मधे इतकं अंतर ठेवून की पहिलं मिटल्यावरच दुसरं उघडेल.

काचेचं तर विचारूच नका. इतकी स्वच्छ, इतकी मोठी, की दुसऱ्याच आठवड्यात एकाने नाक आपटून घेतलं. मग महिनाभर त्या देखण्या काचेवर सेलोटेपने कागद चिकटवलेले. आता फ्रॉस्टेड ठिपक्यांच्या दोन पट्ट्या आहेत, एक कमरेजवळ, एक डोळ्यांच्या उंचीला. नकाशावरच काढल्या असत्या तर?

पोर्चचं छत दुमजली उंचीवर आहे, रुबाब आहे. मात्र तिरका पाऊस थेट दारापर्यंत येतो. छत्री मिटायची कुठे, हा प्रश्न सुटलेला नाही. बाहेरचा ग्रॅनाइट खरबरीत ठेवलाय, ते बरं केलं, पाय घसरत नाही.

सगळ्यात आवडलेली गोष्ट फोटोत दिसत नाही: जमिनीत खड्डा करून बसवलेलं लांबलचक पायपुसणं. आत जाईपर्यंत दोन्ही पाय त्यावर दोन-तीनदा पडतातच, मुद्दाम पुसायला थांबावं लागत नाही. हाऊसकीपिंगवाले मावशी-काका आठवड्यातून एकदा जाळी उचलतात, तेव्हा खालची माती बघावी. ती सगळी पूर्वी लिफ्टपर्यंत जायची.

काल त्या बटणाकडे नीट पाहिलं. व्हीलचेअरचं चित्र बोटं लागून लागून निम्मं पुसलं गेलंय.